अंधाऱ्या रस्त्यावर पहाटे पळायला कोणती बॅटरी घ्यावी?

पहाटवारा

नमस्कार मंडळी. चार महिन्यांपूर्वी बदली झाली आणि पुण्याहून कोरेगाव तालुक्यातल्या एका गावी आले. पुण्यात रस्त्यावर खांब होते, त्यामुळे उजेडाचा विचार कधी करावाच लागला नाही. इथे आमच्या घरापासून दोनशे मीटरवर गावाचा शेवटचा खांब आहे आणि तोही मनात असेल तेव्हाच पेटतो. त्यापुढे सात किलोमीटर काळोख. दोन्ही बाजूंना ऊस, मधे कालव्याचा पूल.

नोकरीमुळे सव्वापाचला निघून साडेसहाला घरात यावंच लागतं. डिसेंबरात इथे सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे सगळं पळणं अंधारातच. सध्या मोबाईलची बॅटरी हातात धरून पळते. हात हलतो तसा उजेड हलतो, आणि आपण लग्नाच्या वरातीत पळतोय असं वाटतं. मागच्या आठवड्यात खड्ड्यात पाय गेला. घोटा थोडक्यात वाचला.

तर प्रश्न असा: डोक्यावरचा दिवा घ्यावा, कमरेचा की हातातला? किती ल्युमेन (दिव्याच्या उजेडाचं माप) पुरतात? बजेट तीन हजार. फेब्रुवारीत २१ किलोमीटरची शर्यत आहे, त्यामुळे "संध्याकाळी पळा" आणि "ट्रेडमिल घ्या" हे दोन सल्ले मिळाले असं धरून चाला.

गणामास्तर

पहिला! जागा धरून ठेवतो, धागा वाचून सविस्तर प्रतिसाद देतो.

रानवेडा

ल्युमेनच्या मागे लागू नका. ताशी दहा किलोमीटर वेगाने पळणारा माणूस सेकंदाला पावणेतीन मीटर जातो. पुढचे पंधरा मीटर स्वच्छ दिसले तर पाच सेकंद मिळतात, खड्डा चुकवायला तेवढे खूप झाले. डांबरी रस्त्याला दीडशे ते अडीचशे ल्युमेन पुरतात. घाटवाटेवर उतार पळायचा असेल तर तीनशे-चारशे.

मी सात वर्षं डोक्यावरचाच वापरतोय. मान वळेल तिकडे उजेड वळतो आणि दोन्ही हात मोकळे राहतात. वजन शंभर ग्रॅमच्या आत असू द्या, नाहीतर पाचव्या किलोमीटरला तो कपाळावर टकटक करायला लागतो. बटण हातमोजे घालून दाबता येतं का, तेही दुकानातच बघा.

खोक्यावर 'इतके तास चालतो' असं लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका. चांगल्या कंपन्या ज्या मानकाने मोजतात त्यात उजेड सुरुवातीच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ धरतात. अंतराचंही तसंच. 'शंभर मीटर' म्हणजे शंभर मीटरवर पौर्णिमेच्या चांदण्याइतका उजेड पडतो, एवढंच.

बिनपाण्याचा_टँकर

म्हणजे पौर्णिमेला पळालात तर दिव्याचे तीन हजार वाचले. बाकीचे २९ दिवस विश्रांती. माझा सरावाचा आराखडा हाच आहे.

भरतीवीर

ताई नमस्कार. आम्ही नऊ पोरं रोज पहाटे साडेचारला रोडवर असतो. पोलीस भरतीचं १६०० मीटर मारायचंय. आमच्यात एकच बॅटरी, ती सगळ्यात पुढच्याकडं. बाकीचे त्याच्या मागं आवाजावर पळत्यात. आठवडी बाजारात डोक्याची बॅटरी दीडशे-दोनशेला मिळती, ऊसाला रातचं पाणी पाजणारी लोकं तीच वापरत्यात. तीन हजार कशाला घालवताय?

रानवेडा

@भरतीवीर, ती बाजारातली मीही वापरली आहे. दारे धरायला उत्तम, कारण माणूस एका जागी उभा असतो. पळताना पट्टा सैल होऊन दिवा नाकावर येतो. आणि आतल्या सेलवर ९९०० एमएएच (सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) छापलेलं असतं ते शुद्ध थाप आहे. त्या आकाराचा, म्हणजे १८६५० सेल (१८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब) जगातल्या चांगल्यात चांगल्या कारखान्यातला असला तरी साधारण ३५०० च्या पुढे जात नाही. बाजारातल्या कित्येक सेलमध्ये त्याच्या निम्मेही नसतात.

भरतीवीर

म्हणूनच आमची चौथ्या दिवशी डोळे मिटती व्हय! दुकानदाराला दाखवतो हे.

शेवग्याची_शेंग

मी डोक्यावरून कमरेवर आले आणि पुन्हा मागे वळून पाहिलं नाही. कारण एकच: खड्डे. डोक्यावरचा दिवा डोळ्यांच्या अगदी जवळ असतो, त्यामुळे खड्ड्याची सावली खड्ड्याच्या आडच लपते आणि आपल्याला दिसतच नाही. सगळा रस्ता सपाट, पिठूळ दिसतो. दिवा कमरेला आला की उजेड खालून तिरका जातो, बारीकशा खडीचीही लांब सावली पडते आणि खड्डा आधीच ओळखू येतो. दिवस मावळताना अंगणात पडलेल्या सावल्या आठवा.

दुसरं, धुकं. कालव्याशेजारी थंडीत धुकं असणारच. डोक्यावरचा उजेड धुक्यावर आपटून थेट डोळ्यात येतो, समोर पांढरी भिंत उभी राहते. कडक थंडीत तर स्वतःच्या तोंडच्या वाफेनेही तेच होतं.

तिसरं, पावसाळ्यातले किडे. ते मी वर्णन करत नाही, लोक जेवत असतील.

खाटल्यावरचा_देव

किडे म्हणजे प्रथिनं. ताशी दहा किलोमीटर वेगाने मोफत न्याहारी.

रानवेडा

सावलीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण कमरेचा दिवा वळणावर वळत नाही आणि पळताना कंबर हलते तसा झुलतो. त्यापेक्षा डोक्यावरचा मंद ठेवा आणि हातात छोटा टॉर्च, मांडीजवळ धरून.

शेवग्याची_शेंग

दोन दिवे, पाण्याची बाटली, मोबाईल, किल्ली. पळायला निघालोय की काशीयात्रेला?

एसटीवाल्याची_लेक

सगळे 'मला रस्ता कसा दिसेल' एवढंच बोलताय. मी समोरच्या काचेमागची बाजू सांगते. वडील तीस वर्षं एसटीत चालक होते, त्यातली निम्मी रातराणीवर. कालच त्यांना हा धागा वाचून दाखवला.

ते म्हणाले, डिपरवर (म्हणजे गाडीच्या दिव्यांचा झोत खाली ठेवून) काळ्या कपड्यातला माणूस तीसेक मीटरवर आला की दिसतो. साठच्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर जाते. म्हणजे दिसला, आणि दोन सेकंदांच्या आत त्याच्याजवळ पोचलो. ब्रेकवर पाय जाईपर्यंतच त्यातलं बहुतेक अंतर संपलेलं असतं.

पण खरी गोष्ट पुढे आहे. ते म्हणतात, "समोरून एकच पांढरा दिवा आला की मी तो मोटारसायकलचा समजतो. मोटारसायकल आपल्या बाजूने जाईल म्हणून मी माझी बाजू सोडत नाही. तो दिवा माझ्याच बाजूने, कडेला हळूहळू हलतोय, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो." म्हणजे तुमचा डोक्यावरचा पाचशे ल्युमेनचा दिवा चालकाला दिसतो, पण माणूस म्हणून दिसत नाही. शिवाय तो डोळ्यावर आला की बाकी काहीच दिसत नाही.

त्यांना विचारलं, मग माणूस कधी ओळखू येतो? क्षणात उत्तर आलं, "पाय हलताना दिसले की." पायांना चमकणारं काही असलं की ते वरखाली होताना दिसतं. दुसरं काहीच तसं हलत नाही.

जरा_हटके

@एसटीवाल्याची_लेक, प्रतिसाद चौकटीत लावावा असा. वडिलांना नमस्कार सांगा.

हे खरंच तसं असतं. नुसत्या छातीवर पट्टी असेल तर ती रस्त्याकडेच्या दगडावरची किंवा फलकावरची वाटू शकते. घोटे, गुडघे, मनगटं, म्हणजे जे सांधे हलतात तिथे पट्ट्या लावल्या की मेंदू तत्काळ 'माणूस' म्हणतो, बाकी आकृती दिसो न दिसो.

आणि ताई, त्यासाठी महागडं जाकीट नको. तालुक्याच्या गावी रेडियमवाला असतोच, नंबर प्लेटवर नावं चिकटवणारा. त्याच्याकडून पट्टी घ्या. फक्त नुसता चकचकीत स्टिकर देईल तर नको म्हणा. आलेला उजेड आला त्याच दिशेला परत पाठवणारी पट्टी हवी, ट्रकच्या मागे लावतात तशी. दुकानातच मोबाईलची बॅटरी स्वतःच्या डोळ्याजवळ धरून पट्टीकडे बघा. भसकन पेटली तर ती खरी.

बिनपाण्याचा_टँकर

रेडियमवाल्याकडे चाललाच आहात तर पाठीवर 'बघतोस काय, मुजरा कर' पण टाकून घ्या.

गणामास्तर

किंवा 'हॉर्न ओके प्लीज'. (धागा अजून वाचतोय.)

थंडगार_ओलावा

यॉर्कशायरहून. इथे डिसेंबरात दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार पळणं म्हणजे अंधारातच. खेड्यातल्या गल्ल्या एक गाडी जेमतेम जाईल एवढ्या, दोन्हीकडे उंच झुडपांचं कुंपण, पदपथ नाहीच. इथल्या रस्ता-नियमावलीत दुसराच नियम असा आहे की पदपथ नसेल तर उजव्या बाजूने, समोरून येणारी वाहनं दिसतील असं चाला. तिसऱ्यात लिहिलंय की उजेड परतवणारे कपडे गाडीच्या दिव्यात साध्या कपड्यांच्या तिप्पट अंतरावरूनही दिसू शकतात. दोन्ही देशांत गाड्या डावीकडूनच चालतात, त्यामुळे हे तुम्हालाही तसंच लागू.

फक्त उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं की मी आधीच डावीकडे जातो. तिथे आतल्या कडेला चिकटून येणाऱ्या गाडीला आपण दिसतच नाही.

आणि पिवळं जाकीट दिवसा कामाचं, रात्री नाही. रात्री पट्टी चमकते, रंग नाही.

आजोबा_अडुसष्ट

आमच्या वेळी कंदील होता. मी आजही रोज चार मैल फिरतो, दिवा नाही, काठी आहे. डोळ्यांना अर्धा तास अंधारात राहू दिलं की चांदण्यात सगळं दिसतं. तुम्ही लोक दिवा लावून आंधळे होता.

एसटीवाल्याची_लेक

काका, तुम्हाला सगळं दिसतं हे मान्य. पप्पा विचारतायत, तुम्ही कोणाला दिसता का?

आजोबा_अडुसष्ट

पोरी, हा प्रश्न आमच्या सौ. रोज विचारतात. काठीला पट्टी गुंडाळून घेतो.

घोणसमित्र

सर्प-बचावाचं काम करतो म्हणून दोन गोष्टी. 'थंडीत साप नसतात' हा गैरसमज काढून टाका. घोणस थंडीतच, तिच्या मीलनाच्या काळात, जास्त फिरते. डांबर दिवसाचं ऊन धरून ठेवतं म्हणून साप रस्त्यावर येऊन पडतात. नाग पावलांच्या हादऱ्याने बहुधा सरकतो, घोणस जागची हलत नाही. कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार आला तर पाय जिथे आहे तिथे थांबवा, दिवा फिरवा, ती कुठे आहे ते पाहा आणि मगच मागे व्हा. पावसाळ्यात मण्यारीची भर पडते. ती रात्रीच फिरते आणि काळ्या डांबरावर चटकन दिसत नाही.

म्हणून माझं मत शेंगताईंच्या बाजूने. कमरेच्या तिरक्या उजेडात सापाच्या अंगाची सावली पडते. दंश झालाच तर बांधाबांध, चिराचिरी काही नाही. १०८ ला फोन आणि थेट सरकारी रुग्णालय.

जुन्नरकर

आमच्याकडे ऊसात बिबट्या असतो, त्यापुढे हे सगळे प्रश्न गौण आहेत. आमच्याकडे पहाटे ऊसाच्या कडेने पळतच नाहीत. दिवा लावल्यावर समोर दोन डोळे चमकले तर जमिनीपासून उंची किती ते बघायचं. कुत्र्याचेही चमकतात, मांजराचेही चमकतात. शंका आली तर पळायचं नाही (हो, धावपटूंच्या धाग्यावर हे सांगावं लागतंय), पाठ दाखवायची नाही, वाकायचं नाही, बुटाची नाडी तर अजिबात बांधायची नाही. मोठ्याने बोलत मागे सरकायचं. वनखात्याचा १९२६ क्रमांक फोनमध्ये ठेवायचा. कानात गाणी लावून पळणाऱ्यांना तर साष्टांग दंडवत.

खाटल्यावरचा_देव

ट्रॅक्टर, खड्डे, घोणस, बिबट्या. मी खाटल्यावर का असतो हे आज घरच्यांना वाचून दाखवलं.

पहाटवारा

सगळ्यांचे आभार. आमच्याकडे बिबट्याच्या बातम्या अजून तरी नाहीत, पण कालव्यापुढचा ऊसाचा पट्टा तोडणी होईपर्यंत बंद केलाय. तेवढं अंतर गावातल्या गावात फेऱ्या मारून भरून काढते.

एक गोष्ट कोणी बोललं नाही म्हणून विचारते. एकटी बाई, पहाटे साडेपाच, अंधार. दिवा लावला की मी वाहनांना दिसते, तशी बाकीच्यांनाही दिसते. मागून एखादी मोटारसायकल हळू झाली की पोटात गोळा येतो. बायका काय करता?

शेवग्याची_शेंग

बटण अंगठ्याखाली. मागून गाडी हळू झाली की मी डांबरावरून उतरते, दिवा बंद करते आणि गाडी पुढे जाईपर्यंत थांबते. अंधारात आपण त्यांना दिसत नाही, त्यांचा दिवा मात्र आपल्याला दिसत राहतो. निघायच्या वेळा आणि वाट बदलती ठेवते, आणि मोबाईलवर माझं ठिकाण नवऱ्याला दिसत असतं. तो झोपलेला असतो हा भाग वेगळा.

माळावरची_सई

मी उलट करते. दूधवाला, पेपरवाला, डेअरीवर कॅन घेऊन जाणारे काका, सगळ्यांना हात करून नावाने हाक मारते. महिन्याभरात अख्ख्या रस्त्याला मी माहीत झाले. एक दिवस गेले नाही तर डेअरीवाल्या काकांनी घरी येऊन विचारलं, "ताईंना बरं नाय का?" मागे बारीक लाल दिवा लावते तो तर आता माझी ओळखच झालाय. लांबून "आली लाल दिव्याची गाडी" म्हणतात.

रानवेडा

लाल दिव्यावरून आठवलं, मागे लाल हवाच, सायकलचा चालतो. पण लुकलुकता नको, स्थिर ठेवा. लुकलुकणाऱ्या दिव्याकडे लक्ष जातं, पण तो किती लांब आहे याचा अंदाज येत नाही.

जरा_हटके

असहमत. आमच्या रस्त्यावर लांबून लक्ष वेधणं जास्त गरजेचं आहे, इथे अर्धे चालक पेंगलेले असतात. मी लुकलुकताच लावतो.

रानवेडा

मग दोन लावा, एक स्थिर, एक लुकलुकता. म्हणजे शेंगताईंची काशीयात्रा पूर्ण.

एसटीवाल्याची_लेक

पप्पांचा शेवटचा सल्ला: काहीही घ्या, पण घेतल्यावर स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. घरच्या कोणाला तरी गाडीवर बसवून डिपरवर समोरून यायला सांगा आणि काय दिसलं ते विचारा.

पहाटवारा

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय, कारण प्रयोग केला.

नवऱ्याला स्कूटरवर बसवून पहाटे कालव्याच्या पुलापाशी नेलं (त्याबद्दल दोन दिवस घरात अबोला होता). पहिल्यांदा नुसता डोक्यावरचा दिवा लावून त्याच्याकडे पळत गेले. तो म्हणाला, "मला वाटलं कुणीतरी एम-८० वर येतंय." पप्पांचं तंतोतंत खरं! दुसऱ्यांदा दिवा कमरेला, खाली झुकवलेला, आणि दोन्ही घोट्यांना व मनगटांना रेडियम. या वेळी म्हणाला, "दिवा नंतर दिसला, आधी तुझे पाय दिसले." पुलाच्या त्या टोकापासून दिसले.

खरेदी अशी: २५० ल्युमेनचा डोक्यावरचा दिवा १४९९ रुपये. त्याचा पट्टा काढून शिंप्याकडून कमरेच्या मापाचं रुंद इलॅस्टिक लावून घेतलं, ४० रुपये. सायकलचा लाल दिवा २५०, स्थिर ठेवलाय. रेडियम १००, वेल्क्रोच्या पट्टीवर शिवून घेतलं म्हणजे धुताना काढता येतं. एकूण १८८९. झुलण्याची रानवेडांची तक्रार खरी आहे, पण इलॅस्टिक घट्ट केल्यावर बरीच कमी झाली. वळणावर मात्र अजूनही चाचपडते.

काल ऊसाचा ट्रॅक्टर समोरून आला, मागे दोन ट्रॉल्या. चालकाने लांबूनच वेग कमी केला, शेजारी आल्यावर थांबून म्हणाला, "ताई, लांबनं बगितलं तर नुसते पाय पळत हुते. भुताटकी वाटली." मी म्हटलं, दादा, तुमच्या ट्रॉलीला मागे काहीच नाही, तुम्ही तर मला तेवढेही दिसला नसता. उरलेली पट्टी दुसऱ्या दिवशी त्याला नेऊन दिली. लावली की नाही, बघायचंय.

भरतीवीर

ताई, आमी पण नऊ जणांनी मिळून रेडियम घेतलं. पट्टी कमी पडली म्हणून प्रत्येकाच्या एकाच पायाला लावलंय. लांबनं नऊ लंगडी पोरं पळाल्यासारखी दिसत्यात, पण गाड्या थांबत्यात.

आजोबा_अडुसष्ट

काठीला लावली. सौ. म्हणाल्या, आता काठी तरी दिसते.

गणामास्तर

धागा वाचून झाला. माझ्या मते डोक्यावरचा दिवा घ्यावा.